बाऊ, फुंकर आणि पाठीवरचा हात : स्पर्शाने वेदना खरंच कमी होते का?

 

आजच्या विषयाची सुरुवात आपण एका अशा शब्दाने करू, जो आपल्याला धड बोलता येण्याआधीपासून माहीत असतो. तो शब्द म्हणजे ‘बाऊ’. रांगणारं मूल आपटतं, गुडघा खरचटतो, आई विचारते, “कुठे बाऊ झाला?” मग ती फुंकर घालते, आजूबाजूने हात फिरवते, जमिनीला ‘हात रे’ करते, आणि मूल दोन हुंदके देऊन पुन्हा खेळायला पळतं. गंमत अशी, की मोठेपणी हाच शब्द आपण टोमणा म्हणून वापरतो. “एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ करतोस?” म्हणजे लहानपणी बाऊ ही खरी जखम असते आणि मोठेपणी ती उगाच फुगवलेली गोष्ट होते.

प्रश्न असा आहे, की आईने हात फिरवल्यावर नेमकं काय होतं? मुलाचं लक्ष दुसरीकडे जातं, एवढंच? की शरीरात खरोखर काही बदलतं? आणि बदलत असेल, तर दवाखान्यात आपण त्याचा किती उपयोग करतो?

हा शेवटचा प्रश्न आम्हाला एका लसीकरणाच्या दिवशी पडला. दीड महिन्याची बाळं होती. मांडीत सुई टोचायची. एका खोलीत बाळ टेबलावर आडवं ठेवून, पाय धरून टोचत होते आणि आईला सांगत होते, “तुम्ही बाहेर थांबा, उगाच घाबराल.” शेजारच्या खोलीत नर्सताई आईला म्हणत होत्या, “मांडीवर घट्ट घेऊन बसा, पाजत असाल तर पाजा.” दोन्हीकडे सुई तीच, लस तीच. रडणं दोन्हीकडे झालं, पण दुसऱ्या खोलीतलं लवकर थांबत होतं. आता, एका सकाळच्या निरीक्षणातून काहीही सिद्ध होत नाही, हे आम्ही आधीच सांगतो. पण त्या दोन खोल्यांमधला फरक समजून घ्यायला विज्ञान आपल्याला काय सांगतं, ते आज बघू.

दोरी आणि घंटा

वेदनेबद्दल आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक जुनं चित्र आहे. ते रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचं आहे. त्याच्या मृत्यूनंतर, 1664 साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात एक आकृती आहे. एका मुलाचा पाय विस्तवाजवळ आहे आणि पायापासून मेंदूपर्यंत एक धागा गेला आहे. देकार्त म्हणतो, की दोरीचं एक टोक ओढलं की दुसऱ्या टोकाची घंटा वाजते, तसं हे आहे. देवळातल्या घंटेसारखं समजा. दोर जितका जोरात ओढाल, तितका नाद मोठा.

हे चित्र खरं असेल, तर आईच्या हाताला काही कामच उरत नाही. जखम जेवढी, वेदना तेवढी. हात फिरवल्याने जखम काही लहान होत नाही.

पण आपला रोजचा अनुभव वेगळा आहे. रात्री अंधारात पायाची करंगळी पलंगाच्या पायाला आपटते. आधी एक झणझणीत कळ येते, आणि क्षणभराने मागून ठसठसणारी, पसरणारी वेदना येते. आणि आपण काय करतो? कोणी शिकवलेलं नसताना ती जागा धरतो, दाबतो, चोळतो. आणि बरं वाटतं. का?

आधी त्या दोन वेदनांचं बघू. त्वचेपासून मज्जारज्जूपर्यंत, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मुख्य दोरापर्यंत, निरोप नेणारे मज्जातंतू एका प्रकारचे नसतात. साध्या स्पर्शाचा निरोप नेणारे तंतू जाड असतात, त्यांच्यावर चरबीयुक्त आवरण असतं आणि निरोप सेकंदाला साधारण 35 ते 75 मीटर वेगाने जातो. तीक्ष्ण कळ नेणारे तंतू बारीक, त्यांचा वेग सेकंदाला 5 ते 30 मीटर. आणि ठसठसणारी, जळजळणारी वेदना नेणारे तंतू सगळ्यांत बारीक, आवरण नसलेले. त्यांना ‘सी तंतू’ म्हणतात. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपल्या चालण्याइतका. पायाच्या बोटापासून कण्यापर्यंत अंतर मीटरभर धरा. स्पर्शाचा निरोप सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यात पोचतो, आणि ठसठसणाऱ्या वेदनेला सेकंदभर लागतो. म्हणून ती मागून येते.

मज्जारज्जूतला दरवाजा

1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. मेलझॅक मानसशास्त्रज्ञ, वॉल मज्जासंस्थेचे अभ्यासक. त्यांनी मांडलेली कल्पना ‘गेट कंट्रोल थिअरी’ म्हणून ओळखली जाते. आपण तिला दरवाजाचा सिद्धांत म्हणू.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. वेदनेचा निरोप त्वचेतून निघतो आणि थेट मेंदूत जातो, असं नाही. मज्जारज्जूच्या मागच्या भागात त्याला पहिला थांबा असतो. स्पर्शाचे जाड तंतूही तिथेच येतात. तिथे छोट्या मधल्या पेशी असतात, ज्यांचं काम पुढे जाणारा निरोप दाबण्याचं असतं. स्पर्शाचे तंतू या पेशींना जागं करतात, तेव्हा दरवाजा थोडा लोटला जातो आणि वेदनेचा निरोप पुढे कमी जातो. वेदनेचे बारीक तंतू मात्र तो दरवाजा उघडा ठेवायला बघतात. आणि तिसरी बाजू, जी आपण नेहमी विसरतो : मेंदूही वरून खाली निरोप पाठवून हाच दरवाजा उघडतो किंवा लोटतो. भीती, लक्ष, आधीचा अनुभव या सगळ्याचा हात त्या कडीवर असतो.

म्हणजे करंगळी चोळताना आपण काय करत असतो? स्पर्शाच्या जाड तंतूंना कामाला लावून दरवाजा लोटत असतो.

मेलझॅक आणि वॉल यांनी काढलेली पेशींची जोडणी पुढे तपशिलात जशीच्या तशी टिकली नाही. नंतरच्या संशोधकांनी तिच्यात बऱ्याच दुरुस्त्या केल्या. पण मूळ मुद्दा पक्का राहिला : मज्जारज्जू ही नुसती तार नाही, तिथे निरोप कमी-जास्त होतो. या कल्पनेतून लगेच एक उपकरणही पुढे आलं. 1967 साली वॉल आणि विल्यम स्वीट यांनी दाखवलं, की त्वचेजवळच्या मज्जातंतूंना सौम्य विजेने चेतवलं तर काही रुग्णांची वेदना तेवढ्यापुरती थांबते. फिजिओथेरपीच्या खोलीत पाठीला किंवा गुडघ्याला चिकटपट्ट्या लावून मुंग्या आणणारं ‘टेन्स’ नावाचं यंत्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. चोळण्याचंच काम ते विजेने करतं, असं म्हटलं तरी चालेल.

हळू फिरणारा हात वेगळाच असतो

पण मंडळी, इथे एक अडचण आहे. करंगळी आपण खसाखसा चोळतो. आई मुलाच्या पाठीवरून हात फिरवते तो तसा नसतो. तो हलका असतो, संथ असतो, आणि बऱ्याचदा जिथे लागलंय तिथे नसतोच. गुडघा फुटलेला असतो आणि हात डोक्यावरून फिरत असतो. दरवाजाच्या सिद्धांतात ही गोष्ट नीट बसत नाही. चोळायचं तर दुखऱ्या जागेच्या जवळ चोळायला हवं.

आता जरा करून बघू. घरून ऐकणाऱ्यांनीही करा. शर्टाची बाही वर करा. उजव्या हाताच्या बोटांनी डाव्या हाताच्या वरच्या बाजूला, केस असतात त्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत हलकेच बोटं न्या. किती वेळात? मनात आठ आकडे मोजा. आता तेच अंतर एका सेकंदात पार करा. फरक जाणवला ना? पहिला स्पर्श कुरवाळल्यासारखा, दुसरा धूळ झटकल्यासारखा.

हा फरक फक्त मनाचा नाही. त्याच्यासाठी त्वचेत वेगळी व्यवस्था आहे, आणि ती माणसात सापडायला बराच वेळ लागला. 1960च्या दशकात स्वीडनमधल्या उप्साला इथे कार्ल-एरिक हागबार्थ आणि ओके वाल्बो यांनी एक तंत्र तयार केलं. जाग्या माणसाच्या मज्जातंतूत केसासारखी बारीक सुई घालायची आणि एकेका तंतूतून जाणारे निरोप ऐकायचे. त्यांनी ही सुई आधी स्वतःच्याच हातात घालून पाहिली होती. पुढे याच तंत्राने एक अनपेक्षित गोष्ट दिसली. ज्या सी तंतूंना आपण मघाशी वेदनेचे म्हटलं, त्या मंद, आवरण नसलेल्या कुटुंबातलेच काही तंतू वेदनेला नव्हे, तर हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देत होते. मांजरात असे तंतू 1939 सालीच दिसले होते. माणसाच्या चेहऱ्यावर आणि हातावर ते 1990च्या सुमारास सापडले. त्यांना ‘सी-टॅक्टाइल’ तंतू म्हणतात. आपण त्यांना ‘मायेचे तंतू’ म्हणू या, लक्षात राहायला सोपं.

या तंतूंच्या आवडीनिवडी ठरलेल्या आहेत. ते केस असलेल्या त्वचेत भरपूर असतात, तळहातावर अगदीच विरळ. स्पर्शाचा वेग सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर असला की ते सर्वांत जास्त जागे होतात. त्याहून मंद किंवा जलद स्पर्शाला त्यांचा प्रतिसाद घटतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की लोकांना जो वेग सर्वांत सुखद वाटतो, तोच या तंतूंचा आवडता वेग आहे. आणि स्पर्श गार किंवा गरम नव्हे, तर त्वचेइतकाच कोमट, साधारण 32 अंश सेल्सिअसचा असेल तर ते जास्त खूश. थोडक्यात, दुसऱ्या माणसाचा उबदार, संथ हात. मघाशी आपण आठ सेकंदांत जे अंतर पार केलं, त्याचा वेग सेकंदाला साधारण 3 सेंटिमीटर होता.

आता यांचं काम काय, हे एका रुग्णामुळे नीट उलगडलं. एका आजारात तिच्या स्पर्शाच्या जाड तंतूंचा नाश झाला होता. हाताला काही लागलं तरी तिला कळत नसे. पण मायेचे तंतू शाबूत होते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी तिच्या हातावरून मऊ ब्रश फिरवला. तिला अंधुकसं काहीतरी जाणवलं. नेमकं काय ते नीट सांगता येईना, पण ते सुखद होतं. तिच्या मेंदूचं चित्र घेतलं, तेव्हा स्पर्शाची नेहमीची जागा जागी झाली नव्हती. जागा झाला होता ‘इन्सुला’ नावाचा, मेंदूच्या घडीत आत दडलेला भाग. भूक, ऊब, धडधड, जीव घाबरा होणं, अशा शरीराच्या आतल्या हालहवालाशी या भागाचा संबंध आहे. वेदना नकोशी वाटण्याशीही आहे.

म्हणजे जाड तंतू सांगतात : कुठे, किती, केवढं. मायेचे तंतू सांगतात : कसं वाटतंय.

इथे आपल्याला वेदनेची व्याख्याही आठवावी लागते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली सुधारलेल्या व्याख्येतही वेदनेला संवेदना आणि भावना या दोन्हींचा मिळून होणारा, नकोसा अनुभव म्हटलं आहे. नुसती इजा म्हणजे वेदना नव्हे. सुईने त्वचेला भोक पडतं, ही इजा. त्या भोकाचं मेंदूत जे होतं, ती वेदना. आईचा हात भोक बुजवत नाही. पण वेदना जिथे तयार होते, तिथे तो पोचतो.

ज्यांना सांगता येत नाही त्यांची वेदना

आता पुन्हा बाळांकडे येऊ, कारण इथे आपल्या शास्त्राचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. 1980च्या दशकापर्यंत जगातल्या चांगल्या रुग्णालयांतही नवजात बाळांवरच्या शस्त्रक्रिया पुरेशी भूल न देता होत असत. हालचाल थांबवणारं औषध द्यायचं, वेदना थांबवणारं बेताचंच. समज असा, की एवढ्या लहान बाळाची मज्जासंस्था कच्ची असते, त्याला तसं दुखत नाही. शिवाय भुलीच्या औषधांची भीती.

हा समज मोडण्यात मोठा वाटा आहे कंवलजीत सिंग आनंद यांचा. इंदूरच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन ते ऑक्सफर्डला गेले. तिथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया होत असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास केला. काही बाळांना नेहमीच्या भुलीबरोबर फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, काहींना दिलं नाही. 1987 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कमी वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. म्हणजे बाळाला बोलता येत नव्हतं, पण त्याचं रक्त बोलत होतं.

त्यानंतर प्रश्न बदलला. बाळाला दुखतं हे मान्य. मग रोजच्या छोट्या टोचण्यांचं काय? रक्त तपासायला टाचेला टोचतात. तेवढ्यासाठी तीव्र औषध कोण देणार? इथे स्पर्शाकडे संशोधकांचं लक्ष गेलं. ऑक्सफर्डमध्येच रेबेका स्लेटर यांच्या गटाने 2018 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. टाचेला टोचण्याआधी बाळाच्या पायावरून सेकंदाला 3 सेंटिमीटर वेगाने मऊ ब्रश फिरवला, तर मेंदूतला वेदनेशी निगडित विद्युत प्रतिसाद कमी झाला. सेकंदाला 30 सेंटिमीटर वेगाने फिरवला, तर झाला नाही. पाय मागे ओढण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मात्र तशीच राहिली. ऐकायला किती छान वाटतं! आईच्या हाताचा वेग विज्ञानाने मोजला, असंच कुणालाही वाटेल.

पण गोष्ट इथे थांबत नाही, आणि म्हणूनच आम्ही ती सांगतोय. पुढे त्याच गटाने आणि इतरांनी इंग्लंडमध्ये मोठी चाचणी केली. या वेळी ब्रश नाही, आई किंवा बाबांचा खरा हात. टोचण्याआधी किमान दहा सेकंद, त्याच संथ वेगाने. दुसऱ्या गटात हात टोचून झाल्यावर फिरवला. 2024 साली निकाल आला : मेंदूच्या प्रतिसादात दोन गटांत फरक दिसला नाही.

मग काय म्हणायचं? आईचा हात निरुपयोगी? नाही. एवढंच, की दहा सेकंद पायावरून हात फिरवून सुईच्या क्षणाची कळ मेंदूत कमी होते, असं सिद्ध झालं नाही. ज्यांनी आधीचा आशादायक अभ्यास केला, त्यांनीच पुढचा निराशाजनक निकालही प्रामाणिकपणे छापला, याला विज्ञान म्हणतात.

आणि दुसऱ्या बाजूला, जास्त वेळ, जास्त अंगाने दिलेल्या स्पर्शाचा पुरावा बराच बळकट आहे. बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवायचं, याला आपण ‘कांगारू मदर केअर’ म्हणतो. ही पद्धत 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, इनक्यूबेटर अपुरे होते म्हणून, डॉ. एडगर रे यांनी सुरू केली. आज ती आपल्याकडच्या नवजात कक्षांतही वापरतात. टोचण्याच्या वेळी बाळ अशा स्थितीत असेल, तर त्याच्या चेहऱ्यावरून, रडण्यावरून मोजलेली वेदना कमी असते, असं अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन आढाव्यात दिसलं आहे. लस देताना पाजलं, तर बाळ कमी रडतं, हेही तसंच.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली लसीकरणाच्या वेदनेबद्दल सल्ला दिला. त्यात बाळाला पालकाने जवळ घेऊन बसावं, आई पाजत असेल तर टोचताना पाजावं, एकाच वेळी अनेक लसी असतील तर सर्वांत दुखणारी शेवटी द्यावी, असं आहे. आणि हेही ऐका : टोचण्याची जागा चोळण्याची शिफारस त्यात नाही. म्हणजे करंगळीचा नियम सुईला लावायचा नाही. मघाच्या दोन खोल्यांपैकी कोणती खोली योग्य होती, ते आता वेगळं सांगायला नको. त्यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही. आईला ‘बाहेर थांबा’ऐवजी ‘इथे बसा’ म्हणायचं, एवढंच.

हात कुणाचा आहे?

मोठ्यांचं काय? 2006 साली अमेरिकेत जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी सोळा विवाहित स्त्रियांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि सांगितलं, की अधूनमधून सौम्य विजेचा झटका बसू शकतो. कधी नवऱ्याने हात धरला, कधी अनोळखी माणसाने, कधी कुणीच नाही. धोक्याला मेंदू जो प्रतिसाद देतो, तो नवऱ्याचा हात हातात असताना सर्वांत कमी झाला, अनोळखी हाताने थोडाच. आणि ज्यांचा संसार जास्त सुखाचा होता, त्यांच्यात हा फरक अधिक दिसला. हा अभ्यास वेदनेचा नव्हे, वेदनेच्या भीतीचा होता, हे लक्षात ठेवू. पण भीतीचा हात दरवाजाच्या कडीवर असतो, हेही आपण पाहिलं आहे.

पावेल गोल्डस्टाइन या संशोधकाला तर हा प्रश्न बायकोच्या बाळंतपणातच पडला. कळा येत असताना त्याने तिचा हात धरला आणि तिला बरं वाटलं. पुढे त्याच्या गटाने जोडप्यांवर प्रयोग केला, तो 2018 साली प्रसिद्ध झाला. बायकोच्या हाताला चटका देताना नवऱ्याने तिचा हात धरला, तर दोघांच्या मेंदूतल्या लहरी जास्त जुळल्या, आणि जितक्या जास्त जुळल्या, तितकी वेदना कमी झाली. जुळल्यामुळेच कमी झाली, असं मात्र यातून म्हणता येत नाही.

2024 साली स्पर्शावरच्या 137 अभ्यासांचा, जवळजवळ 13,000 माणसांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. मोठ्यांमध्ये स्पर्शाने वेदना, चिंता आणि उदासी कमी व्हायला मदत होते, असं त्यात आढळलं. एका वेळी किती मिनिटं, यापेक्षा किती वेळा, हे जास्त महत्त्वाचं ठरलं. आणि नवजात बाळांना परक्या हातापेक्षा आईवडिलांच्या स्पर्शाचा फायदा अधिक होतो, असंही दिसलं.

स्पर्शच दुखतो तेव्हा

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितली नाही तर आजचं बोलणं अर्धवट राहील. काही आजारांत स्पर्शच वेदना होतो. नागीण होऊन गेल्यावर बरगडीवर सदऱ्याचं कापड लागलं तरी माणूस कळवळतो. वर्षानुवर्षांच्या मधुमेहात काहींना रात्री पायावर चादरही सहन होत नाही. अर्धशिशीच्या वेळी केस विंचरणं नकोसं होतं. अशा वेळी मज्जासंस्था इतकी हळवी झालेली असते, की साध्या स्पर्शाचा निरोपही आत वेदना होऊनच पोचतो.

घरात अशा माणसाला आपण काय म्हणतो? “नुसता हात लावला तर ओरडतोस, काय बाऊ करतोस!” मंडळी, तो बाऊ करत नसतो. त्याला खरंच दुखत असतं. त्याला डॉक्टरकडे न्यायचं असतं, त्यासाठी वेगळी औषधं आहेत.

आणि नको असलेला स्पर्श मायेचा नसतोच, मग वेग सेकंदाला 3 सेंटिमीटर असो की आणखी काही. अंगावर परक्याचा हात पडण्याचा धसका घेतलेली माणसं आपल्या आसपास असतात. म्हणून पहिला नियम : विचारा. “हात धरू का?” एवढे तीन शब्द पुरतात.

समोरून आलेले दोन प्रश्न

एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे : “मग औषधं बंद करायची का?” अजिबात नाही. शस्त्रक्रियेनंतरची, कर्करोगाची, हाड मोडल्याची वेदना हात फिरवून भागत नाही. स्पर्श औषधाच्या जोडीला असतो, औषधाच्या जागी नाही. ‘आई जवळ आहे ना, मग कशाला वेदनाशामक’ असं कुणी म्हणू लागलं, तर आपण पुन्हा 1980च्या आधी जाऊन पोचू.

एका ताईंनी विचारलंय : “सासूबाई शेवटच्या आजारात आहेत, बोलत नाहीत. हात धरून बसलं तर त्यांना कळतं का?” ताई, त्यांना नेमकं काय कळतं, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण एवढं सांगता येतं, की मायेच्या तंतूंना शब्द लागत नाहीत. आधी कानाशी सांगा, “आई, मी आहे, हात धरतेय.” हात गार असेल तर चोळून कोमट करा. जिथे सलाइन आहे, जिथे दुखतंय, ती जागा सोडून खांद्याकडून कोपराकडे, मनात आठ मोजत, हळू फिरवा. कपाळाला आठ्या पडल्या, हात ओढून घेतला, तर थांबा. चेहरा सैल पडला तर चालू ठेवा. आणि चेहऱ्यावर वेदना दिसतच राहिली, तर हात धरूनच डॉक्टरांना फोन करा.

थोडक्यात, वेदना ही घंटेची दोरी नाही. ती मज्जारज्जूच्या दारातून, मेंदूच्या घडीतून आणि शेजारी कोण बसलंय यातून मिळून घडते. म्हणून पुढच्या वेळी लसीकरणाला जाल, तेव्हा “बाळ मांडीवर घेऊन बसू का?” असं विचारा. बहुतेक ठिकाणी ‘हो’ म्हणतील. आणि ‘नाही’ म्हणाले, तर कारण विचारा. त्याला बाऊ करणं म्हणत नाहीत.